दोघंच जंगलवाटेने निघालोय, अस्वल समोर आलं तर?

मी आणि नवरा पाठीवर सॅक टाकून पायी निघतोय. वाघापेक्षा मला अस्वलाचीच धास्ती वाटते. समोर आलंच तर काय करायचं?

उत्तर: धास्ती रास्त आहे. अस्वलाची नजर अधू. वाळवी खाण्यात ते इतकं गुंग होतं, की माणूस जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, मग दचकून अंगावर येतं. आम्हाला एकदा अशाच वाटेत ताजं उकरलेलं वारूळ दिसलं, माती अजून ओलसर, नख्यांचे ओरखडे स्पष्ट. बायको गप्प झाली होती, मी मुद्दाम तिला बोलतं केलं. वळणावर, झुडपात मोठ्याने बोलत चला. दिसलंच तर पळू नका, सावकाश मागे सरका.

दुसरं उत्तर: अस्वलाखेरीज जळवांचंही लक्षात ठेवा. अंगाला चिकटलेली जळू ओढू नका, नखाने तोंडाकडून सरकवा. बूट झटकूनच घाला.

प्रश्नकर्ती: आभार! नवरा अबोल आहे, बडबड मीच करेन.