मानवी तस्करीविरुद्ध कॅथलिक सिस्टर्स (नन्स) जगभर एकत्र येऊन नेमकं काय करतात?

वसईची_लेक: आमच्या पॅरिशमध्ये ८ फेब्रुवारीला तस्करीच्या बळींसाठी प्रार्थना होते. माझी मावशी सिस्टर आहे, म्हणते, "प्रार्थना हा अर्धाच भाग." मग उरलेला अर्धा कोणता?

जुनी_शिक्षिका: उरलेला अर्धा फार मोठा आहे, बाळा. २००९ मध्ये रोममध्ये सिस्टर्सच्या सर्वोच्च प्रमुखांच्या संघटनेने 'तालिथा कुम' हे जाळं उभारलं. मुलगी एका देशातून उचलतात, दुसऱ्यातून नेतात, तिसऱ्यात विकतात. पोलिसांना सीमा आडव्या येतात. सिस्टर्सची घरं मात्र तिन्हीकडे असतात.
मला सिस्टर युजेनिया बोनेत्ती यांच्याबद्दल अपार आदर आहे. केनियात अनेक वर्षं काढून त्या इटलीत परतल्या आणि रस्त्यावर उभ्या केलेल्या नायजेरियन मुलींमध्ये काम करू लागल्या. मायदेशी परतणाऱ्या मुलींना नायजेरियातल्या सिस्टर्स आसरा देतात. एकट्या संस्थेला हे झेपलं नसतं!

कोकणी_माणूस: पण सरकारांवर दबाव कसा आणतात?

जुनी_शिक्षिका: काही संघांना संयुक्त राष्ट्रांत सल्लागार दर्जा आहे, तिथे त्या बोलतात. मानवी तस्करी रोखण्यासाठीच्या २००० च्या पालेर्मो प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारानुसार सुटलेल्या मुलीला गुन्हेगार नव्हे, पीडित मानावं, हा त्यांचा आग्रह. भारतानेही तो २०११ मध्ये मंजूर केला. आपल्याकडे 'अमरत' (AMRAT) या नावाने सिस्टर्सचं जाळं आहे. मावशीला त्याबद्दल जरूर विचार.

वसईची_लेक: आजच फोन करते. ८ फेब्रुवारीच का, तेही विचारते.

जुनी_शिक्षिका: तो संत जोसेफिन बखिता यांचा सण. सुदानमध्ये त्यांना लहानपणीच पळवून गुलाम म्हणून विकलं होतं.