मदत हवी आहे: टीबीच्या औषधांसोबत वजन कसं वाढवलं?

नमस्कार. आम्ही सातपूरला राहतो. धाकट्या भावाला टीबीची औषधं सुरू होऊन सहा आठवडे झालेत. ताप गेला, खोकला कमी झाला, पण वजन ४१ किलोवरच अडकलंय. झारखंडमधल्या अभ्यासाबद्दल वाचलं, २०२३ मध्ये छापून आलेला: पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वजन वाढलेल्यांमध्ये मृत्यू बरेच कमी होते. त्याच्यासाठी म्हणजे दोनच किलो! आणि घरच्यांनाही पोषक शिधा दिला तेव्हा त्यांच्यात टीबीचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी घटलं. आमची आई मात्र स्वतःच्या वाटचं अंडंही त्यालाच वाढते. गोळ्यांनी मळमळत असताना तुमच्या पेशंटला काय पचलं? नाशिकमध्ये घरच्यांनाही शिधा देणारं कुणी माहीत आहे का?