बी विंगची लिफ्ट आणि गोठ्याशेजारचा फलक

नेने वहिनी (बी-३०२): सेक्रेटरीसाहेब, बी विंगच्या लिफ्टची बटणं चिकट झालीत, मुंग्या लागल्यात. ती लाल-पांढरी, वाकड्या काठीसारखी गोळी, कँडी केन, मुलांना कोणी वाटली? फक्त विचारतेय, राग मानू नये.

शिरीष (सेक्रेटरी): वहिनी, नाताळ आहे, सांभाळून घ्या. मावशींना पुसायला सांगतो.

फिलू आंटी (ए-१०४): मी वाटली. माझ्या पैशाने, फंडातून नाही, आधीच सांगते. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याशेजारी फलकपण लावणार. सरळ धरली तर मेंढपाळाची काठी, उलटी केली की येशूचा इंग्रजी जे. पांढरा पावित्र्याचा, लाल रक्ताचा. अमेरिकेतल्या इंडियानाच्या एका मिठाईवाल्याने मुद्दाम तशी बनवली.

रोहन (सी-५०१): आंटी, काठीपर्यंत ठीक. पण त्या मिठाईवाल्याला काही पुरावा नाही. १९०० च्या आधीच्या नाताळकार्डांवर ही काठी नुसती पांढरी दिसते. पट्टे नंतर आले, अर्थ त्याच्याही नंतर चिकटवला.

फिलू आंटी: म्हणजे आमचं खोटं?

रोहन: तसं नाही म्हटलं.

फिलू आंटी: म्हटलंस. गणपतीत तुमच्या फलकावर मी कधी पुरावा मागितला नाही.

नेने वहिनी: बी विंगच्या लिफ्टची बटणं चिकट झालीत, मुंग्या लागल्यात.

शिरीष (सेक्रेटरी): मी तर वेगळंच वाचलंय. १६७०, जर्मनी, कोलोनचं कॅथेड्रल. गोठ्याच्या कार्यक्रमात पोरं गप्प बसावीत म्हणून गायकवृंदाच्या मास्तरांनी वाकवलेल्या गोळ्या वाटल्या.

रोहन: त्या काळातला एक कागद दाखवा.

सावंत (ए-४०३): पोरांचं राहू द्या, एजीएमला वाटा. दोन तास तोंडात राहील अशी हवी.

कदम काका (सी-१०२): गोळीच्या कारखान्यात आयुष्य गेलं म्हणून बोलतो. त्यातला पांढरा हा रंग नसतोच. कढत पाक जरा निवला की आकड्यावर टाकून ओढायचा, दुमडायचा, परत ओढायचा. आत हवा शिरते आणि पिवळट पाक डोळ्यांदेखत दुधासारखा होतो. मग त्या जाड लोळ्यावर लाल पट्ट्या बसवायच्या, लांबवत पीळ द्यायचा, कापायचं आणि ऊब आहे तोवर वाकवायचं. जरा उशीर झाला की कट्‌!

सावंत: काकांनी तोंडाला पाणी आणलं.

नेने वहिनी: बी विंगच्या लिफ्टची बटणं चिकट झालीत, मुंग्या लागल्यात. तिसऱ्यांदा लिहितेय.

शिरीष (सेक्रेटरी): मावशी चारला येतात.

कदम काका: अमेरिकेत, जॉर्जियातल्या ऑल्बनीत, बॉब मॅकॉर्मॅक यांचा कारखाना होता, १९१९ चा. तिथेही हातानेच वाकवायचे. शंभरातल्या वीसेक मोडायच्या. शेवटी त्यांचे मेहुणे ग्रेगरी केलर यांनी १९५० च्या दशकात यंत्र काढलं. पेशाने कोण? कॅथलिक फादर!

फिलू आंटी: ऐकलंस रोहन? फादर!

रोहन: फादरनी यंत्र केलं आंटी, अर्थ नाही सांगितला.

फिलू आंटी: तू लहानपणी माझ्या घरच्या नेवऱ्या खाताना एवढे प्रश्न विचारत नव्हतास.

स्नेहल (बी-२०१): सगळे पुरुषच आठवतात बरं तुम्हाला. स्वीडनमध्ये ग्रेन्ना गावात अमालिया एरिक्सन होत्या. नवरा गेला, पदरात तान्ही मुलगी. १८५९ मध्ये परवानगी काढून लाल-पांढऱ्या पेपरमिंटच्या कांड्या विकायला लागल्या. पोल्काग्रिस म्हणतात, अजून तिथे हाताने करतात. त्यांचा लावा फलक.

सावंत: परवानगी मिळाली म्हणजे त्यांच्याकडे आपली कमिटी नव्हती.

शिरीष (सेक्रेटरी): सावंत, मेंटेनन्स दोन महिन्यांचा बाकी आहे, पर्सनलवर बोलू.

सावंत: हे ग्रुपवर लिहायची गरज होती का?

नेने वहिनी: चार वाजून गेले.

फिलू आंटी: ठीक आहे. मिठाईवाला काढते. काठी आणि रंग ठेवणार, खाली 'असे मानतात' लिहीन. अक्षर माझं. आणि रोहन, पेंढा आणायला उद्या तू येणार.

रोहन: येतो आंटी.

शिरीष (सेक्रेटरी): पेंढा पार्किंगमध्ये सांडू नका. मागच्या वर्षीचा अजून गटारात अडकलाय.