साथीदार निवडताना तुम्ही काय बघता?

मैफल संपली की चर्चा गायकाची. पण आपण बाजूला बसणारे एकमेकांना कसं पारखतो? ख्याल, भजन, बेंजो, ऑर्केस्ट्रा, काहीही चालेल. ‘समजूतदार असावा’ एवढं लिहून पळायचं नाही.

सुरुवात मी करतो. मी पेटीवाला. तबलजीचं विलंबित, म्हणजे संथ लयीतलं वाजवणं ऐकतो. चक्रदार, तुकडे आजकाल पोरंटोरंही वाजवतात. विलंबित एकतालात भरीव ठेका धरून बसायला धीर लागतो. एक भलता तयारीचा तबलजी होता. ठेक्यात आहे तेवढं तिरकिट पुरे असताना हा गाणाऱ्या बाईंच्या आलापात मोकळी जागा दिसेल तिथं आणखी भरायचा. बाईंनी एकदाच मान वळवून बघितलं. पुढच्या मैफलीला त्याला निरोप गेला नाही.

गाणारी, पुणे
आता पेटीवाल्यांचं ऐका. पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. 1940 मध्ये रेडिओने तिच्यावर बंदी घातली, त्यामागे हीच तक्रार होती. चांगला पेटीवाला हे ओळखून असतो. मी मींड घेतली की बोटं हलकी करतो, मागून पुसट येतो. काहींना मात्र पुढे पळायची घाई. गंधारावर जायचं की नाही हे माझंच अजून ठरत नाहीये, आणि हे महाशय तिथं जाऊन बसलेले!

पखवाजवाला, कुडाळ
डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, मी आधी बुवाची सबुरी बघतो. कणीक लावून, हातोडीने पखवाजाची शाईची बाजू पेटीच्या सुराला मिळवेपर्यंत जो गप्प राहील तो आपला बुवा. मग झांज. गजरात लय चढली की झांज सुटली, असं नको. कोरसात नुसती तोंडं हलवणारे पुष्कळ मिळतात, वरची ओळ उचलणारे हवेत.

कीबोर्डवाला, ठाणे
गुण नंतर. साऊंड चेकला वेळेवर येतो का? गायिका ऐनवेळी स्केल बदलते. मी ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा होतो, बेसवाल्याला ती सोय नाही. तो तोंड वाकडं न करता वळला तर पुढच्या शोला पहिला फोन त्यालाच. आणि आपलं पाकीट किती, ते गाडीत बोलू नये.

बेंजो पार्टी, लालबाग
विसर्जनाच्या दिवशी फोन उचलणारा. बाकी काही अट नाही.

कीर्तनाची साथ करणारा, सांगली
धागाकर्त्याशी सहमत नाही. कीर्तनात नुसता ठेका धरून भागत नाही. बुवा ओवीवरून साकीत, साकीवरून कटावात, एका छंदातून दुसऱ्यात, कधी उडी घेतील याचा नेम नसतो. तबलजीचे कान कथेकडे हवेत. युद्धाचा प्रसंग आला की हात आपोआप चढला पाहिजे. आमच्या उत्सवात एकजण तासभर साफ वाजवून उठला. सहज विचारलं, आख्यान कसं वाटलं?
म्हणाला, “कुठलं? केरवा ताल होता ते?”