विषय: थियागो सिल्वा चेल्सीत! पस्तिशीतला बचावपटू घ्यावा का?

हाउन्स्लोहून भाऊ
२८ ऑगस्ट २०२०, रात्री

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या धामधुमीत फुटबॉलचा विषय काढतोय, पण आज राहवत नाही. ब्राझीलचा बचावपटू थियागो सिल्वा आपल्या चेल्सीचा झाला! एका वर्षाचा करार, जमलं तर पुढे आणखी एक वर्ष. पीएसजी म्हणजे पॅरिसच्या क्लबबरोबरचा करार संपलेला, त्यामुळे ट्रान्सफरचा एक पौंडही मोजावा लागलेला नाही. आठ वर्षं पीएसजीचा कर्णधार होता हा माणूस आणि गेल्या रविवारी लिस्बनमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल खेळलाय. बायर्नला त्या रात्री एकच गोल करता आला, कोमांचा. त्याच बायर्नने आपल्याला दोन सामन्यांत मिळून सात चढवले होते.

गेल्या मोसमात प्रीमियर लीगमध्ये आपण ५४ गोल खाल्ले. लिव्हरपूलने ३३, मँचेस्टर सिटीने ३५, मँचेस्टर युनायटेडने ३६. चौथा नंबर मिळाला तो पुढच्या पोरांच्या जिवावर. लॉकडाऊननंतर तर वेस्ट हॅमकडून तीन, शेफील्डकडून तीन, लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर पाच. टेरी २०१७ ला गेला, केहिल आणि डेव्हिड लुईझ २०१९ ला गेले, आणि मागे उभं राहून ओरडणारा कुणी उरलाच नाही. सध्याचे रिकाम्या मैदानातले सामने प्रेक्षकांचा खोटा आवाज बंद करून बघा, म्हणजे कळेल. क्रॉस येतोय, आणि आपले दोन सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, गप्प!

कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर ज्यांनी पेठांचे सामने बघितलेत त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच समजेल. प्रत्येक टीममध्ये एक जुना स्टॉपर असायचा. त्याचा वेग गेलेला असायचा, पण बॉल अजून पलीकडच्या हाफमध्ये असतानाच तो पोरांना नावानं हाका मारून, एकाला दोन पावलं डावीकडं, दुसऱ्याला मागं, असं लावून घ्यायचा. टॅकल करायची वेळ त्याच्यावर क्वचितच यायची. सिल्वाचं काम तेच आहे. आपल्या प्रशिक्षकाने, लॅम्पार्डने, बरोब्बर माणूस हेरलाय.

गणपती बाप्पा मोरया.

---

रेडिंगहून ताई
२९ ऑगस्ट, सकाळी

भाऊ,

तुमचा आनंद समजतो, पण मला हा सौदा पटलेला नाही.

२२ सप्टेंबरला तो ३६ वर्षांचा होईल. फ्रान्समध्ये पीएसजीकडे बहुतेक वेळ बॉल असतो, बचावाला श्वास घ्यायला सवड मिळते. इथे शनिवारी एक सामना, मंगळवारी दुसरा, आणि पाठीमागे टाकलेल्या प्रत्येक लांब बॉलवर विशीतल्या पोराशी शर्यत. ती तो कशी लावणार?

आणि अनुभवाचं म्हणाल तर २०१७ चा बार्सिलोनाच्या मैदानावरचा, कँप नूचा सामना आठवा. दोन सामन्यांच्या त्या लढतीत पहिल्या लेगमध्ये पॅरिसने बार्सिलोनाला ४-० हरवलं, तेव्हा सिल्वा दुखापतीमुळे बाहेर होता. त्याच्या जागी किंपेंबे नावाचं कोवळं पोर खेळलं, आणि उत्तम खेळलं. दुसऱ्या लेगला कर्णधार परत आला, सगळी टीम स्वतःच्या पेनल्टी बॉक्सात जाऊन बसली, ६-१. शेवटचे तीन गोल ८८व्या मिनिटापासून पुढे! मागची फळी इतकी खाली कुणी नेली? अनुभवी माणसाला आपला वेग कमी झाल्याचं ठाऊक असतं, म्हणून तो मागे सरकतो, आणि त्याच्यामागे सगळा संघ सरकतो. मला भीती आहे ती याची.

शिवाय आपल्या तरुण बचावपटूचं, तोमोरीचं काय? गेल्या वर्षी याच पोराला इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची कॅप मिळाली. आता त्याला बाकावर बसवायचं, एका वर्षासाठी आलेल्या पाहुण्यासाठी?

खरं दुखणं गोलरक्षकाचं आहे. केपासाठी २०१८ मध्ये ७ कोटींहून जास्त पौंड मोजले, आणि मोसमाच्या शेवटच्या लीग सामन्यात नि एफए कपच्या फायनलमध्ये उभा राहिला कोण, तर राखीव गोलरक्षक कॅबायेरो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं चाललंय.

---

हॅरोहून काका
२९ ऑगस्ट, दुपारी

पोरांनो,

मी आर्सेनलवाला, पण बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण हा प्रयोग आम्ही वर्षभर जवळून पाहिला आहे. गेल्या ऑगस्टमध्ये तुमचाच डेव्हिड लुईझ आम्ही घेतला, बत्तिशीतला. एका लीग मोसमात पाच पेनल्ट्या दिल्या त्याने. जूनमध्ये सिटीविरुद्ध बदली म्हणून उतरला, चुकीने गोल दिला, मग पेनल्टी दिली, आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. मी टीव्ही बंद करून गच्चीत जाऊन बसलो होतो.

पण त्याच लुईझने पुढच्या महिन्यात एफए कपच्या सेमीफायनलमध्ये सिटीला एकही गोल करू दिला नाही, आणि १ ऑगस्टला वेम्बलीवर तुमच्याविरुद्ध कप उचलला. मधल्या काळात माणूस तोच राहिला, फक्त आमच्या प्रशिक्षकाने, अर्टेटाने, मागे तीन बचावपटू ठेवले. दोन्ही बाजूंना धावणारे दिले आणि याला मधोमध उभं केलं. वय झालेल्या बचावपटूला उघड्या मैदानात सोडलं की तो बुडतो, आणि आजूबाजूला माणसं दिली की तोच इतरांना तारतो. तेव्हा सिल्वा घ्यावा की नाही यापेक्षा लॅम्पार्ड त्याला कुठे उभा करणार ते विचारा.

आणखी एक. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीने ब्राझीलला सात घातले, त्या सामन्यात सिल्वा नव्हता. कोलंबियाविरुद्ध पिवळं कार्ड घेतल्याने बंदी होती. कर्णधाराचा पट्टा लुईझच्या दंडावर होता, आणि सहा मिनिटांत चार गोल गेले. ती मागची फळी मी विसरू शकत नाही. सगळे धावत होते, आपल्या जागेवर कुणीच नव्हतं. सिल्वा असता तर ब्राझील हरलंही असतं, पण सात झाले नसते, हे मी छातीठोकपणे सांगतो.

---

सचिव
२९ ऑगस्ट, संध्याकाळी

सर्वांना विनंती: उद्याच्या ऑनलाइन आरतीच्या वेळेबद्दलचे प्रश्न या विषयात विचारू नयेत, त्याची वेगळी मेल गेलेली आहे. फुटबॉल चालू द्या.

---

हाउन्स्लोहून भाऊ
३० ऑगस्ट

ताई, काका,

कँप नू मी नाकारत नाही. पण त्या रात्री बॉल ठेवायला मध्यरक्षकांपैकी कुणीही तयार नव्हतं, सगळं एका सिल्वावर ढकलू नका.

मी तुम्हाला दुसरी रात्र सांगतो, ११ मार्च २०१५. चॅम्पियन्स लीगमधला आपला पॅरिसविरुद्धचा सामना, मी आपल्या स्टॅमफर्ड ब्रिजवर होतो. त्यांच्या इब्राहिमोविचला अर्ध्या तासात लाल कार्ड मिळालं, पॅरिस दहा जणांवर आलं. तरी सामना जादा वेळेत नेला त्यांनी. तिथे सिल्वाच्या हाताला बॉल लागला, पेनल्टी मिळाली, हझार्डने गोल केला. आमच्या आजूबाजूला लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. दुसरा कुणी असता तर तिथेच खचला असता. सिल्वा मात्र प्रत्येक कॉर्नरला पुढे येत राहिला. एक हेडर आपला तेव्हाचा गोलरक्षक कोर्त्वाने अडवला. लगेचच्या कॉर्नरला हा पुन्हा त्याच जागी, मागे झुकत डोक्याने असा उंच बॉल टाकला की कोर्त्वाच्या हातावरून जाऊन कोपऱ्यात पडला. ११४वं मिनिट. बरोबरी झाली, पण परक्या मैदानावर जास्त गोल केल्यानं पॅरिस पुढे, आम्ही बाहेर. ट्यूबमध्ये कुणी बोलत नव्हतं, पण त्या रात्रीपासून हा माणूस आपल्याकडे हवा असं मला वाटत आलंय.

आणि त्याचं आयुष्य बघा. २००५ मध्ये मॉस्कोत असताना त्याला क्षयरोग झाला, सहा महिने हॉस्पिटलात काढले. टीबीचं औषध घेणारं माणूस आपल्यातल्या अनेकांनी घरात पाहिलंय. जिना चढताना धाप लागते, अंगावरचे कपडे ढिले होतात. त्यातून उठून मिलानमध्ये लीग जिंकली, पॅरिसला सात वेळा जिंकली. शरीर कसं सांभाळायचं हे त्याला इतरांपेक्षा लवकर शिकावं लागलं. वयाचा हिशोब त्याच्या बाबतीत थोडा वेगळा करावा लागेल.

तोमोरीबद्दल तुमचं बरोबर आहे. पण अशा माणसाशेजारी रोज सराव करायला मिळणं हेही पोरांसाठी शिक्षण आहे.

---

रेडिंगहून ताई
२६ सप्टेंबर, रात्री

वेस्ट ब्रॉम ३, चेल्सी ३. आणि पूर्वार्धातच आपण तीन खाल्ले होते.

मला याचा आनंद नाही, पण बोलायला हवं. २५व्या मिनिटाला बॉल साधा त्याच्या पायाकडे येत होता. मधल्या रेषेजवळ, मागे कुणी नाही. तो बुटाखालून सटकला. सिल्वा वळेपर्यंत वेस्ट ब्रॉमचा रॉबिन्सन चार यार्ड पुढे, आणि मग ती शर्यत झाली जिची मी ऑगस्टमध्ये भीती घातली होती. शर्यत कसली, तो मागून बघत राहिला.

---

हाउन्स्लोहून भाऊ
२६ सप्टेंबर, रात्री

चूक त्याचीच. पण पहिला गोल अलोन्सोच्या चुकीचा, तिसऱ्याला कॉर्नरवर बार्टली एकटा उभा. बुधवारी बार्न्स्लीविरुद्ध पहिल्यांदा उतरलेला माणूस आहे हा, त्याला सराव सामने मिळालेले नाहीत, मागची सगळी फळी त्याला नवी. उत्तरार्धात माउंट, हडसन-ओडोई आणि शेवटी एब्राहमने बरोबरी साधली, तोवर पोरांनी धीर सोडला नाही. मला अजून तोच हवा.

---

हॅरोहून काका
८ नोव्हेंबर

काल शेफील्डविरुद्ध ४-१ पाहिलं. झियेशच्या बॉलवर सिल्वाचा हेडर, चेल्सीसाठी पहिला गोल. अभिनंदन पोरांनो. त्याआधी लागोपाठ पाच सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही तुम्ही: सेविया, युनायटेड, क्रास्नोदार, बर्नली, रेन. ओल्ड ट्रॅफर्डला लॅम्पार्डने मागे तीन ठेवले आणि सिल्वाला मधोमध. ऑगस्टमध्ये मी हेच म्हणत होतो. त्या सामन्यात तो घाईने धावताना मला दिसलाच नाही, जिथे बॉल यायचा तिथे आधीच उभा. तुमचा दुसरा बचावपटू झुमा बघा, किती सुधारलाय त्याच्याशेजारी.

---

रेडिंगहून ताई
८ नोव्हेंबर

काका, खेळतोय चांगला, ते मान्य. पण श्रेय वाटताना नीट वाटू या. साउदॅम्प्टनविरुद्ध ३-३ झालं तेव्हा सिल्वा नव्हता हे भाऊ सांगतील, पण तेव्हा आपला नवा गोलरक्षक मेंडीही नव्हता, गोलात केपा होता. आणि क्रास्नोदारविरुद्ध सिल्वाशिवाय रुडिगर-झुमा खेळले, तरी गोल खाल्ला नाही. म्हणजे बदल गोलात झाला तेव्हापासून हा फरक पडलाय. मेंडीसारखा उंच गोलरक्षक क्रॉसवर पुढे येऊन बॉल उचलतो, मागच्या फळीला पुढे उभं राहायला धीर येतो. खरेदी ही मोठी.

आता तो ब्राझीलच्या सामन्यांना जाणार, अटलांटिक ओलांडून परत येणार आणि शनिवारी २१ तारखेला दुपारी साडेबाराला न्यूकॅसलला सामना. त्या दिवशी त्याला विश्रांती द्यायलाच हवी. डिसेंबर जानेवारी अजून पुढे आहेत.

---

हाउन्स्लोहून भाऊ
८ नोव्हेंबर, रात्री

मेंडी उत्तम आहे, पण क्रिस्टल पॅलेसविरुद्ध मेंडी नि सिल्वा एकत्र उभे राहिले तेव्हापासून झुमा कुठे बघून बोलतोय ते पुन्हा बघा, ताई. मेंडीकडे नाही, सिल्वाकडे.

न्यूकॅसलला समोर त्यांचा विंगर सेंट-मॅक्सिमाँ असणार. तो बॉल घेऊन अंगावर आला की दोन माणसं घाईने बाहेर ओढली जातात आणि मधे भगदाड पडतं. तेव्हा मागून "तू थांब, तू जा" सांगणारा मला हवाय. प्रवासाचा थकवा समजतो, पण साठ मिनिटं तरी खेळवावं. तुम्ही रुडिगर म्हणता, मी सिल्वा म्हणतो. शुक्रवारी लॅम्पार्ड काय बोलतो ते ऐकून पुन्हा लिहितो. तोवर दिवाळीचा फराळ कुणाकडून मिळतोय ते कळवा, यंदा हॉल बंद आहे.