‘केर्मिस’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : सोळाव्या-सतराव्या शतकांतील फ्लेमिश (म्हणजे आजच्या बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांताकडच्या) चित्रांवरील एका लेखाचे भाषांतर करताना ‘केर्मिस’ हा शब्द वारंवार आडवा येतो आहे. फ्रेंचांनी त्याचे ‘केर्मेस’ केले आणि चित्रकार रूबेन्सचे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील चित्र त्याच नावाने ओळखले जाते. मराठीत ‘मेळा’ म्हणावे की ‘जत्रा’?

उत्तर : ‘मेळा’ नको, त्यात देवाचे नावही नाही. डच भाषेत ‘केर्क’ म्हणजे चर्च आणि ‘मिस’ म्हणजे मिस्सा, चर्चमधली सामुदायिक उपासना. गावच्या चर्चच्या प्रतिष्ठापनेचा वार्षिक दिवस आणि त्या दिवशीची मिस्सा हा या शब्दाचा मूळ अर्थ. पुढे मिस्सा मागे पडली, आणि आज फ्लँडर्समध्ये केर्मिस म्हटले की पाळणे आणि खाऊची दुकानेच डोळ्यांसमोर येतात. ‘यात्रे’ची ‘जत्रा’ होताना आपल्याकडेही हेच घडले आहे; ‘इथे काय जत्रा भरली आहे का?’ असे विचारणाऱ्याच्या मनात देव नसतो. फ्लेमिश चित्रकार थोरल्या पीटर ब्रूगेलच्या, व्हिएन्नातील संग्रहालयात असलेल्या ‘शेतकऱ्यांचे नृत्य’ (सुमारे १५६८) या चित्रात ही घसरण उघड दिसते : मागे चर्च आहे, झाडावर मरियामातेची छोटी तसबीर आहे, पण खानावळीवर लाल निशाण फडकते आहे, बॅगपाइप वाजवणाऱ्याला एक जण हातात सुरई घेऊन खेटून बसला आहे, आणि उजवीकडून एक जोडपे नाचायला धावत येते आहे, चर्चकडे पाहणारा मात्र कोणीही नाही.

दुसरे मत : मग गोव्यातील ‘फेस्त’ का नको? तेथे चर्चमध्ये मिस्सा होते आणि बाहेर खाज्याची दुकाने लागतात, म्हणजे दोन्ही अंगे शाबूत आहेत.

उत्तर : अर्थाने ‘फेस्त’ सर्वांत जवळचा, हे मान्य, आणि वाचक गोव्यातला असेल तर तोच वापरावा. सोलापूरच्या वाचकाला मात्र तो कॉलेजातला ‘फेस्ट’ वाटेल! म्हणून पहिल्या उल्लेखात ‘केर्मिस, म्हणजे चर्चची जत्रा’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘जत्रा’. ‘शेतकरी’ या शब्दाला मात्र धक्का लावू नये, कारण ‘कुणबी’ म्हटले की जात मध्ये येते आणि ‘खेडूत’मध्ये शहरी तुच्छता डोकावते. (तशी तुच्छता या चित्रांत नाहीच, असेही नाही, पण भाषांतरकाराने तिच्यात भर घालू नये.)

आणखी एक : शेतकऱ्यांचे प्रत्येक समारंभचित्र केर्मिसचे नसते. ब्रूगेलच्याच ‘शेतकऱ्यांचे लग्न’ या चित्रात खळ्याच्या कोठारात वधू हिरव्या कापडापुढे टांगलेल्या कागदी मुकुटाखाली बसली आहे, आणि दोन जण बिजागरीवरून काढलेल्या दारावर वाडगे मांडून वाढायला आणत आहेत. तेथे ‘जत्रा’ लिहिल्यास चूक होईल. ती पंगत आहे.