‘डिव्हाइस अटेस्टेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
आपण कोणत्या स्थितीत आहोत हे फोन ज्या तंत्राने सर्व्हरला पटवून देतो, त्याला एका लेखात मी ‘उपकरण साक्षांकन’ लिहिलं, तर संपादकांनी समासात नुसतं प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं. साक्षांकित प्रत म्हणतोच की आपण. मग अडलं कुठे?

प्रतिसाद १
प्रश्नचिन्ह योग्यच आहे. साक्षांकन करणारा तिसरा माणूस असतो, तो मूळ कागद आणि प्रत शेजारी ठेवून बघतो आणि मग शिक्का मारतो. साक्षात बघतो तो साक्षी. इथे बाहेरचं कोणीच काही बघत नाही. सर्व्हर एक यादृच्छिक संख्या पाठवतो. फोनमधली चिप त्या संख्येला बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम चढवणारा प्रोग्रॅम) कुलूपबंद आहे का, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम चालू आहे, वगैरे माहिती जोडते आणि आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने सही करते. ती किल्ली मालकालाही बाहेर काढता येत नाही. म्हणजे ज्याच्यावर संशय, त्याच्याच पोटातला तुकडा बोलतो. मी ‘ग्वाही’ म्हणेन.

प्रतिसाद २
मी ‘घरभेदी’ म्हणेन! उत्पादकाने माझ्या फोनची अपडेटं बंद केली, म्हणून मी दुसरी सिस्टिम चढवली. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या अजून मिळतात. दुसऱ्याच दिवशी बँकेच्या अ‍ॅपने ‘असुरक्षित उपकरण’ म्हणत हाकललं. घरातला त्याच मॉडेलचा दुसरा फोन, अपडेटं कधीच संपलेली, तो मात्र बिनबोभाट चालतो.

प्रश्नकर्ती
राग कळतो, पण ‘घरभेदी’ छापू कशी? शिवाय ग्राफीनओएस या अँड्रॉइडवर आधारलेल्या पर्यायी सिस्टिमवाल्यांचं ‘ऑडिटर’ अ‍ॅप हेच तंत्र मालकाच्या बाजूने वापरतं: आपल्या फोनशी कोणी छेडछाड केली नाही ना, हे पडताळायला. शब्दातच शिवी नको.

प्रतिसाद १
बरोबर. तुमचं भांडण ग्वाहीशी नाहीच, निर्वाळ्याशी आहे. अँड्रॉइडच्या ग्वाहीत ‘बूटलोडर कुलूपबंद, पण सिस्टिमवर मालकाने ठरवलेल्या किल्लीची सही’ अशी वेगळी नोंद असते. बूटलोडर उघडा असेल तर ती नोंद निराळी. ऐकणाऱ्याने ठरवलं तर हा फरक करता येतो. पण बरीच अ‍ॅप्स ती ग्वाही स्वतः वाचतच नाहीत, ‘प्ले इंटिग्रिटी’ या गूगलच्या तपासणी-सेवेकडून आलेला निर्वाळा घेतात. तिथे गूगलने प्रमाणित न केलेली सिस्टिम म्हटलं की निर्वाळ्याच्या वरच्या पायऱ्या बंद. २०२३मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी हाच प्रकार ब्राउझरमध्ये आणायचा प्रस्ताव मांडला होता, ‘वेब एन्व्हायर्न्मेंट इंटिग्रिटी’. (एका ठिकाणी त्याचं ‘वेब पर्यावरण एकात्मता’ केलेलं पाहिलं. झाडं लावायची मोहीम वाटली!) संकेतस्थळाने आधी निर्वाळा बघायचा आणि मग पान दाखवायचं की नाही ते ठरवायचं, अशी सोय त्यात झाली असती. टीका एवढी झाली की त्याच वर्षी नोव्हेंबरात तो मागे घेतला.

प्रश्नकर्ती
मग चिपची ती ग्वाही आणि सर्व्हरचा तो निर्वाळा. ‘इंटिग्रिटी’ला ‘अबाधितता’ चालेल?

प्रतिसाद २
चालेल. फक्त कोणाच्या दृष्टीने अबाधित, ते वाक्यात लिहा. माझा फोन माझ्या दृष्टीने अबाधितच होता.